आधी बोक्याचा रिपोर्ट मागा: पर्शियन मांजरांचा आनुवंशिक किडनीविकार, नाशिककरांसाठी

पर्शियन पिल्लू घेताना नाशकात काय काय विचारलं जातं? पंच फेस (अगदी चपटं तोंड) की सेमी पंच, कोट म्हणजे अंगावरचे केस डबल की ट्रिपल, डोळे कुठल्या रंगाचे, लिटर ट्रेची सवय लागली का, लस झाली का, आणि शेवटी 'फायनल किती होतील'. किडनीचं कोणी विचारत नाही. विकणाराही आपणहून सांगत नाही, कारण बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं. खरं तर पर्शियन आणि तिच्या रक्ताच्या जातींत हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा.

आजाराचं नाव पॉलिसिस्टिक किडनी डिसीज, बोलताना पीकेडी. यात दोन्ही किडन्यांमध्ये पाण्याने भरलेल्या गाठी, म्हणजे सिस्ट असतात. त्या जन्मापासूनच असतात, फक्त सुरुवातीला फार बारीक असतात. वर्षानुवर्षं त्या फुगत जातात आणि किडनीचा कामाचा भाग दाबून टाकतात. काही सिस्ट एखाद्या मिलिमीटरच्या, काही भिजवलेल्या साबुदाण्याएवढ्या, तर काही एक सेंटिमीटरच्या वर जातात. मांजर मात्र खाते, खेळते, सोफा ओरबाडते. त्रास दिसायला लागतो तो साधारण सातव्या वर्षाच्या आसपास, कधी तिसऱ्या वर्षी, कधी दहाव्या. काही मांजरी सिस्ट घेऊनच म्हाताऱ्या होतात आणि दुसऱ्याच कारणाने जातात. तोवर तिची किंवा त्याची दोन-चार वेतं झालेली असतात आणि पिल्लं सिडकोपासून देवळाली कॅम्पपर्यंत पोचलेली असतात.

२००४ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी यामागचा दोष शोधून काढला. पीकेडी-१ नावाच्या जीनमध्ये एकाच ठिकाणी बदल झालेला असतो. त्यामुळे त्या जीनपासून बनणारं प्रोटीन अर्धवटच तयार होतं. त्या काळात वेगवेगळ्या देशांत पर्शियन मांजरं तपासली तेव्हा एकतृतीयांशाहून जास्त मांजरांत हा आजार सापडला. मग तिकडच्या ब्रीडरांनी चाचणी करूनच जोड्या लावायला सुरुवात केली आणि पुष्कळ ठिकाणी प्रमाण खाली आलं. म्हणजे हा आजार औषधाने बरा होत नाही, पण पुढच्या पिढीत येऊ न देणं पूर्ण आपल्या हातात आहे.

'फक्त कॅरिअर आहे' यावर विश्वास ठेवू नका

हा दोष 'डॉमिनंट' आहे. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. इथे एक प्रत खराब असली तरी आजार होतो. त्यामुळे 'आजार नाही, नुसता कॅरिअर आहे' असं काही नसतंच. ज्याच्याकडे दोष आहे त्याला सिस्ट आहेत, आज दिसोत वा उद्या. आई किंवा बाप यांपैकी एकाला पीकेडी असेल तर प्रत्येक पिल्लाला तो येण्याची शक्यता निम्मी. दोघांनाही असेल, तर दोन्ही खराब प्रती मिळालेले गर्भ जन्मापर्यंत टिकत नाहीत आणि जन्मलेल्यांपैकी सरासरी तीनांतल्या दोन पिल्लांना आजार असतो. नर-मादी असा फरक इथे नाही.

आता आपल्याकडची पद्धत बघा. मांजरी घरोघरी एखाद-दुसरी असते. माजावर आली की मालक ओळखीतून बोका शोधतात, तीन-चार दिवस तिला त्याच्याकडे ठेवतात आणि बदल्यात पैसे किंवा एक पिल्लू देतात. मांजरी वर्षातून दोन-तीनदा व्याली तरी फार झालं. देखणा पंच फेस बोका मात्र कॉलेज रोड, इंदिरानगर, नाशिक रोड असा फिरत डझनावारी पिल्लांचा बाप होतो. म्हणून एकच गोष्ट करायची ताकद असेल तर ती बोक्याच्या तपासणीवर खर्च करा.

पहिली पायरी: पिल्लू बघायला जाण्याआधी फोन

प्रत्यक्ष गेलात की पिल्लू मांडीवर येऊन बसतं आणि प्रश्न विसरले जातात. म्हणून सगळं फोनवरच विचारून घ्या. संवाद साधारण असा होतो.

'दादा, आई-वडिलांची पीकेडी टेस्ट झालीय का?'

'ताई, आमचा बोका एकदम हेल्दी आहे. आजवर एकदा पण डॉक्टरकडे न्यावं लागलं नाही.'

'ते छानच. पण किडनीची सोनोग्राफी किंवा डीएनए टेस्ट झालीय का? रिपोर्टचा फोटो पाठवाल?'

'पेपरवाला आहे ना तो.'

इथे थांबा. पेपर म्हणजे वंशावळ. त्यात आजोबा-पणजोबांची नावं असतात, किडनीचा हाल नसतो. 'लसीचं कार्ड आहे' हेही उत्तर नव्हे. रिपोर्टवर त्याच मांजराचं नाव, वय आणि शक्य तर मायक्रोचिप नंबर हवा. रिपोर्ट नसेल तर भांडू नका, एक पर्याय सुचवा: 'बोक्याची टेस्ट करून घ्या, निम्मा खर्च मी देतो.' माझ्या मते पिल्लाच्या किमतीपुढे हा खर्च अगदीच जड नसतो. समोरचा भडकला, तर तिथून पिल्लू न घेतलेलंच बरं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू तर कुणाकडूनच घेऊ नका, ते आईपासून तोडायचं वय नव्हे.

हिमालयन आणि एक्झॉटिक शॉर्टहेअर ही थेट पर्शियनचीच भावंडं, त्यामुळे त्यांना हेच लागू. ब्रिटिश शॉर्टहेअर, स्कॉटिश फोल्ड, रॅगडॉल यांच्यातही पर्शियन रक्त मिसळलेलं आहे, तेव्हा त्यांचंही विचारा. आणि हो, 'पर्शियन क्रॉस' म्हणून फुकट मिळालेलं केसाळ पिल्लूही यात आलं. ॲबिसिनियन आणि सोमाली यांच्यात आनुवंशिक किडनीविकार वेगळा असतो. तो अमायलॉइड नावाचं प्रोटीन साचून होतो आणि त्याला अशी सरळ डीएनए चाचणी नाही.

दुसरी पायरी: सोनोग्राफी

मांजर आधीच घरात असेल तर इथून सुरू करा. ब्लड टेस्टपासून नको. अनेक जण क्रिएटिनीन (किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ रक्तात किती आहे ते) तपासून घेतात, ते नॉर्मल आलं की खूश होतात आणि मेटिंगला होकार देतात. क्रिएटिनीन वाढतं ते किडनीचं साधारण तीन-चतुर्थांश काम बंद पडल्यावर. दोन वर्षांच्या पीकेडी बोक्याचं रक्त अगदी छान येऊ शकतं. सिस्ट आहेत का, हे रक्त सांगतच नाही.

वय महत्त्वाचं. सोळा आठवड्यांच्या पिल्लात सोनोग्राफीने पीकेडी असलेल्यांपैकी ७५ टक्के पकडली जातात, ३६ आठवड्यांनंतर ९१ टक्के. म्हणून दहा महिने पूर्ण झाल्यावर केलेली सोनोग्राफी धरायची. चार महिन्यांच्या पिल्लाचा 'क्लीन' रिपोर्ट दाखवून कोणी विकत असेल तर तो अर्धाच पुरावा समजा.

कुठे करायची? माणसांच्या सोनोग्राफी सेंटरवर विचारत बसू नका, छोट्या प्राण्यांच्या दवाखान्यांनाच फोन करा. फोनवर नेमकं सांगा: 'पर्शियन मांजराच्या दोन्ही किडन्यांची सोनोग्राफी, पीकेडीसाठी.' दोन गोष्टी विचारा. मशीनचा प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा भाग, किती मेगाहर्ट्झचा आहे? मांजराच्या किडनीला ७.५ किंवा त्याहून जास्त हवा, गायी-म्हशींची गर्भतपासणी ज्यावर होते तो चालत नाही. आणि सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी मांजरांच्या पीकेडीच्या केस बघितल्यात का? नाशकात जमलं नाही, किंवा रिपोर्टबद्दल शंका राहिली, तर कसारा घाट उतरून परळला जायची तयारी ठेवा. तिथे १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं हॉस्पिटल. मे महिन्यात नेत असाल तर पहाटे निघा. पर्शियनचं चपटं नाक आणि बंद गाडीतला उकाडा यांचं जमत नाही.

तपासणीला बहुधा भूल लागत नाही. पोटावरचे केस मशीनने भादरतात, हे आधीच मनाला सांगून ठेवा, कारण तो तुकडा भरून यायला काही महिने लागतात. गार जेल लागलं की मांजर दचकते. तिचं डोकं तुमच्या कोपराच्या बेचक्यात घ्या आणि पुढचे पाय एका हाताने सैल धरा. घट्ट दाबलंत तर ती जास्त झगडते. स्क्रीनवर किडनी करड्या रंगाची दिसते आणि सिस्ट म्हणजे त्यातली कडा स्वच्छ असलेली काळीभोर वर्तुळं. डॉक्टर माऊस ओढून त्यांचं माप घेतात. रिपोर्टमध्ये चार गोष्टी लिहून मागा: दोन्ही किडन्यांची लांबी, प्रत्येकीतल्या सिस्टची संख्या, सगळ्यात मोठीचं माप, आणि लिव्हरमध्ये सिस्ट दिसल्या का. पुढच्या वर्षी तुलना करायला हेच आकडे लागतात. नुसतं 'बायलॅटरल सिस्ट्स' (दोन्हीकडे सिस्ट) लिहिलेला कागद तेव्हा काहीच सांगत नाही.

तिसरी पायरी: डीएनए चाचणी

याला वयाची अट नाही. लहान पिल्लाचीही होते. रक्ताचा थेंब किंवा गालाच्या आतून छोट्या ब्रशने घेतलेला नमुना पुरतो. घरी नमुना घेणार असाल तर त्याआधी अर्धा-एक तास खायला देऊ नका आणि पिल्लू आईचं दूध पीत असेल तर त्याला तेवढा वेळ वेगळं ठेवा, नाहीतर आईच्या पेशी मिसळतात. ब्रश गाल आणि हिरडीच्या मधे दहा-पंधरा सेकंद फिरवा, हवेत पूर्ण वाळू द्या आणि मगच कागदी पाकिटात घाला. ओला ब्रश प्लॅस्टिकमध्ये कोंडला की बुरशी धरतो. पाकिटावर मांजराचं नाव त्याच क्षणी लिहा. चार भावंडांचे नमुने घेताना घोळ हमखास इथे होतो. डेव्हिसच्या विद्यापीठाची प्रयोगशाळा ही चाचणी करते. जवळची सोय तुमच्या डॉक्टरांना विचारा.

निकाल दोनच प्रकारचे येतात: दोन्ही प्रती नॉर्मल, किंवा एक प्रत बदललेली. निगेटिव्ह आला तर 'हा' दोष नाही एवढाच अर्थ घ्या. दुसऱ्या कारणाने किडनी बिघडू शकते, आणि म्हाताऱ्या मांजरात एखादी सुटी सिस्ट पीकेडीशिवायही सापडते. म्हणून मेटिंगसाठी ठेवायच्या बोक्याची मी दोन्ही सांगेन, डीएनए आणि दहा महिन्यांनंतरची सोनोग्राफी. घरात पाळायच्या, नसबंदी होणार असलेल्या मांजरीला एक पुरते.

चौथी पायरी: पॉझिटिव्ह निघाली, आता?

पहिलं काम नसबंदी. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना पीकेडीचं सांगा, म्हणजे ते भुलीच्या वेळी रक्तदाब आणि सलाईनकडे जास्त लक्ष देतील. दुसरं, घरच्यांनी रडारड आवरायची. दीड वर्षाच्या पॉझिटिव्ह मांजरीसमोर अजून बरीच वर्षं असू शकतात आणि ती तिला मजेत काढू द्यायची आहेत.

दरवर्षी एकदा रक्त, लघवी आणि रक्तदाब. पाच-सहा वर्षांची झाली की दर सहा महिन्यांनी. रक्तात क्रिएटिनीनसोबत एसडीएमए हा किडनीचं काम दाखवणारा दुसरा घटकही तपासून घ्या, तो आधी वाढतो. किडनीविकाराचे टप्पे ठरवायच्या आंतरराष्ट्रीय आयरिस पद्धतीत क्रिएटिनीन १.६ च्या आत म्हणजे पहिला टप्पा, १.६ ते २.८ दुसरा, २.९ ते ५ तिसरा आणि ५ च्या वर चौथा. एसडीएमएची पहिली पायरी १८ च्या आत. पण एका आकड्यावर टप्पा ठरवू नका. मांजरीने पाणी कमी प्यायलं असेल तरी क्रिएटिनीन चढतं. ती नीट खात-पीत असताना दोनदा मोजलेला आकडा खरा.

लघवीचं घनत्व हा स्वस्त आणि दुर्लक्षित आकडा. निरोगी मांजराची लघवी दाट असते, १.०३५ च्या वर. ती सतत पातळ येऊ लागली की किडनी थकतेय असं समजायचं. हे रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या घनत्व मोजायच्या उपकरणावर मोजलेलं हवं, लघवीत बुडवायच्या पट्टीवरचं मांजरांत भरवशाचं नसतं. घरून नमुना न्यायचा तर ट्रे साबणाने धुऊन कोरडा करा, नेहमीच्या वाळूऐवजी फिश टँकमधले धुतलेले बारीक गोटे पसरा आणि तिचं झालं की ट्रे तिरका करून सिरिंजने लघवी ओढून घ्या.

रक्तदाब कोणी सहसा मोजत नाही, म्हणून मुद्दाम मागा. १६० च्या वर सातत्याने राहिला तर उपचार लागतात. १८० च्या वर गेला तर डोळ्यांचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळी होऊ शकते. ती अचानक भिंतीला धडकू लागली, बाहुल्या मोठ्या राहिल्या, तर 'मोतीबिंदू असेल' म्हणत थांबू नका, त्याच दिवशी न्या. ॲम्लोडिपिन या औषधाने दाब खाली आणता येतो, आणि लवकर आणला तर कधीकधी नजरही काही प्रमाणात परत येते.

घरी तुम्ही ठेवायच्या नोंदी तीनच. वजन: सामान मोजायचा डिजिटल काटा मांजर न्यायच्या पेटीच्या कडीत अडकवा, रिकाम्याचं वजन वजा करा, महिन्यातून एकदा. लिटरमधले लघवीचे गोळे: रोज तीन निघायचे ते पाच-सहा आणि मोठे निघू लागले, तर लिहून ठेवा. पाणी: चार किलोची मांजरी दिवसाला २०० मिलीच्या आसपास किंवा वर पिऊ लागली की डॉक्टरांना फोन. पर्शियनचे केस एवढे दाट की ती निम्मी झाली तरी डोळ्यांना कळत नाही, म्हणून काट्यावर विश्वास ठेवा. याखेरीज उलट्या, तोंडाला वाईट वास, अंग विस्कटलेलं राहणं, खाण्याजवळ जाऊन न खाता परत येणं, यांतलं काही दिसलं तर तारीख लिहा.

खाणं-पिणं

पाणी वाढवा. उन्हाळ्यात नाशिकचं ऊन चाळिशीला टेकतं तेव्हा तर नक्कीच. घरात तीन-चार ठिकाणी पसरट भांडी ठेवा, खाण्याच्या ताटलीपासून लांब. मिशा कडेला घासल्या की काही मांजरी पाणी सोडतात, म्हणून खोलगट वाटी नको. नुसत्या ड्राय फूडवर वाढलेल्या मांजरीला दिवसातून एकदा तरी पाऊच किंवा मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन त्याच्या पाण्यासकट द्या. दूध-पोळी, दहीभात हे मांजराचं अन्न नव्हे. सुकट आणि सुके बोंबील तिला कितीही आवडोत, मीठ आणि फॉस्फरस दोन्ही भरपूर, तेव्हा बंद.

'रीनल' डाएट, म्हणजे रॉयल कॅनिन किंवा हिल्सचं किडनीसाठीचं अन्न, पॉझिटिव्ह रिपोर्ट आल्या दिवशी सुरू करायचं नसतं. रक्त-लघवी नॉर्मल असलेल्या तरुण मांजरीला ते देण्याची गरज नाही. दुसऱ्या टप्प्यापासून डॉक्टर सांगतील. तेव्हाही जुन्या अन्नात थोडं थोडं मिसळत दोन-तीन आठवडे घ्या. 'भूक लागली की खाईल' हा हट्ट मांजरीशी करू नका. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजरीच्या लिव्हरमध्ये चरबी साचते आणि ते दुखणं किडनीच्या आधी नेतं. तिने रीनल नाकारलंच तर आवडीचं खाऊ द्या आणि जेवणात मिसळायचं फॉस्फेट बाइंडर, म्हणजे अन्नातला फॉस्फरस अंगात जाऊ न देणारं औषध, विचारा.

तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात डॉक्टर कातडीखाली सलाईन द्यायला शिकवतात. आधी दवाखान्यात त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने करून बघा. किती मिली आणि किती दिवसांनी, हे तेच ठरवतील, कारण हृदय कमजोर असेल तर जादा पाणी महागात पडतं. सलाईनची (रिंगर लॅक्टेटची) बाटली कोमट पाण्याच्या बादलीत पाच मिनिटं ठेवा, थंडगार सलाईनला मांजर पहिल्याच क्षणी उठून पळते. बाटली खिडकीच्या ग्रिलला टांगा आणि नळीतली हवा काढा. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलून तंबू करा आणि सुई तंबूच्या तळाशी, आडवी घाला. केस ओले वाटले तर सुई आरपार गेली. झाल्यावर कातडीखाली फुगा दिसतो, तो घरंगळत पुढच्या पायाकडे येतो आणि काही तासांत जिरतो. सुई दर वेळी नवी.

घरातली विषं

पीकेडी असो वा नसो, हे पाळा. बुकेमधली मोठ्या पाकळ्यांची, तपकिरी परागांची लिली घरात येऊच देऊ नका. पराग अंगावर पडून चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी किडनी पूर्ण बंद पडू शकते. चाटल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न बघता पहिल्या काही तासांतच दवाखाना गाठा. क्रोसिन, डोलो म्हणजे पॅरासिटामॉल, ते मांजराला जीवघेणं. ब्रुफेनसारख्या गोळ्या किडनीचा घात करतात. जेन्टामायसिन हे अँटिबायोटिक इंजेक्शनही किडनीला जड जातं, म्हणून नव्या डॉक्टरकडे गेलात की पीकेडीचा रिपोर्ट आधी पुढे करा. मुतखड्यासाठी घरात आणलेले काढे मांजरीला पाजू नका. द्राक्षं-बेदाणे कुत्र्यांच्या किडनीला घातक आहेत, मांजरांबद्दल तेवढा पुरावा नाही, पण हंगामात पेट्या घरी येतात तेव्हा खाली पडलेले मणी उचलायला काय जातं?

शेवटची पायरी: कळवा

तुमची मांजरी पॉझिटिव्ह निघाली म्हणजे तिच्या आई-बापापैकी एक जण नक्की तसा आहे, आणि तिची भावंडं धोक्यात आहेत. हे तुमच्यापुरतं ठेवू नका. ज्याच्याकडून घेतली त्याला आणि बोक्याच्या मालकाला वैयक्तिक मेसेज करा. ग्रुपवर नाव घेऊन नाही, कारण तिथे माणूस बचावाला उतरतो आणि बोका फिरतच राहतो. मेसेज असा चालेल: 'दादा, आमच्या मनीची सोनोग्राफी झाली, दोन्ही किडन्यांत सिस्ट आहेत, रिपोर्ट जोडलाय. हे आई किंवा वडिलांकडूनच येतं. तुमची चूक नाही, आजवर कोणी तपासलंच नव्हतं. दोघांची टेस्ट होईपर्यंत मेटिंग थांबवा. त्या वेताची बाकीची पिल्लं कोणाकडे गेली त्यांना हा रिपोर्ट पाठवाल का? डॉक्टरांचा नंबर हवा असेल तर देतो.'